एंजलची अंडी दर वेळी वाया जातात? आधी दिवस मोजा

एंजल माशांची जोडी जमते, पानावर किंवा हीटरच्या काचेवर अंडी दिसतात, आणि आठवडाभरात सगळं संपतं. दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी, पुन्हा हाती काहीच नाही. मग सल्ले सुरू होतात. कुणी औषध बदलायला सांगतं, कुणी म्हणतं जोडीच खराब आहे, कुणी पाण्यावर खापर फोडतं. पुढच्या खेपेला पाच गोष्टी एकदम बदललेल्या असतात. त्यात पिल्लं जगली तरी कशामुळे जगली ते कळत नाही, आणि मेली तरी कशामुळे मेली ते कळत नाही.

काहीही बदलण्याआधी एक काम करा. नुकसान नेमकं कितव्या दिवशी होतं ते लिहून काढा. पहिल्या रात्री गायब झालेली अंडी, चोवीस तासांत पांढरी पडलेली अंडी आणि पोहायला लागल्यावर चार दिवसांनी मेलेली पिल्लं ही तीन वेगळी दुखणी आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

त्यासाठी सुरळीत चाललं तर काय, कधी होतं ते डोक्यात पक्कं हवं. पाणी २७ ते २८ अंश सेल्सिअस असेल तर अंडी साधारण ४८ ते ६० तासांत फुटतात. फुटलेलं पिल्लू लगेच पोहत नाही. डोक्याजवळच्या चिकट धाग्याने ते पानाला धरून राहतं आणि नुसती शेपटी वळवळवतं. पोटाशी बलकाची पिशवी असते, तीच त्याची शिदोरी. असे आणखी चार-पाच दिवस जातात. अंडी घातल्यापासून सातव्या-आठव्या दिवशी पिल्लं मोकळी पोहायला लागतात, आणि बाहेरचं खाणं तेव्हापासून लागतं. पाणी २५ अंशांवर असेल तर सगळं एक-दोन दिवस पुढे सरकतं. म्हणून वहीत तारखेशेजारी तापमानही लिहा, तेही हीटरच्या खुणेवरून न घेता वेगळ्या थर्मामीटरवरून.

पहिल्या रात्रीतच अंडी गायब

ही खाल्लेली अंडी असतात. बुरशी लागलेलं अंडं पांढरं होऊन जागेवरच राहतं, ते असं नाहीसं होत नाही.

कोण खातं ते आधी पाहा. टँकमध्ये प्लेको किंवा तशी दुसरी तळाला राहणारी कॅटफिश असेल तर रात्री दिवा बंद झाला की ती कामाला लागते. एंजलला अंधारात दिसत नाही, त्यामुळे दिवसभर जिवावर उदार होऊन राखण करणारी जोडीही रात्री हतबल असते. गोगलगायीही अंडी खातात. यावर साधा उपाय म्हणजे जोडीला स्वतंत्र टँक द्यायचा आणि अंडी असतील त्या दिवसांत रात्री खोलीत मंद दिवा ठेवायचा.

टँकमध्ये जोडी एकटीच असूनही अंडी जात असतील तर आई-बापच खातायत. नवख्या जोडीत हे इतकं सर्रास घडतं की पहिल्या काही वेळांचं वाईट वाटून घेऊ नका. पण जुनी जोडीही खात असेल तर तिला कसली तरी भीती वाटते आहे. काचेसमोरून सतत ये-जा, दाणकन आपटणारं दार, समोरच्या टँकमधले दुसरे एंजल, अचानक लागणारा प्रखर दिवा. टँकच्या तीन बाजूंना मागून कागद लावला तरी पुष्कळ फरक पडतो. अंड्यांवर असताना सायफन मारू नका, झाडं हलवू नका, फोटोसाठी मोबाइलचा फ्लॅश तर नकोच.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. अधूनमधून आई-बाप दोन-चारच अंडी टिपताना दिसतात. ती बहुधा पांढरी पडलेली असतात आणि ती काढणं ही त्यांची राखणच असते. तेवढ्यावरून घाबरून पूर्ण पान उचलून घेऊ नका.

चोवीस तासांत सगळी पांढरी

फळलेलं अंडं फिकट मधाच्या रंगाचं आणि पारदर्शक दिसतं. दुसऱ्या दिवशी टॉर्च बाजूने धरून पाहिलं तर आत गडद ठिपका दिसू लागतो. न फळलेलं अंडं दुधासारखं गढूळ पांढरं होतं. आधी मरण, मग बुरशी असा हा क्रम आहे. बुरशीचे कापसासारखे तंतू मेलेल्या अंड्यावर नंतर उगवतात. म्हणून पहिल्याच दिवशी शंभरातली शंभर पांढरी पडली तर बुरशीच्या औषधाने काही साधणार नाही. अंडी मुळात फळलेलीच नाहीत.

पहिली शंका: जोडी खरोखर नर-मादीची आहे का? एंजलमध्ये दोन माद्या जोडी जमवतात, जागा साफ करतात, अंडी घालतात, राखणही करतात. बाहेरून सगळा संसार खरा वाटतो. अंगाच्या आकारावरून किंवा कपाळाच्या फुगीरपणावरून खात्री होत नाही. खात्री होते ती अंडी घालायच्या दिवशी, पोटाखाली बाहेर आलेल्या नळीवरून. मादीची नळी जाड आणि टोकाला बोथट असते, नराची बारीक, टोकदार आणि किंचित पुढे झुकलेली. त्या दिवशी अर्धा तास समोर बसा. मादी पानाला पोट घासत खालून वर जाते आणि तिच्या मागे अंड्यांची ओळ उमटते. ती बाजूला झाली की नर त्याच ओळीवरून पोट टेकवत जातो. दोघंही आळीपाळीने अंडी घालताना दिसले, किंवा अंड्यांची संख्या नेहमीच्या दुप्पट भासली, तर दोन्ही माद्या आहेत असं समजा.

नर खरा आहे आणि मागून फिरतोही, तरी अंडी पांढरी? मग पाण्याचा प्रवाह पाहा. पॉवर फिल्टरचा झोत अंडी घालायच्या जागेवरून जात असेल तर नराने सोडलेलं वीर्य अंड्यांपर्यंत पोचण्याआधीच वाहून जातं, आणि ते पाण्यात फार वेळ कामाचं राहत नाही. ब्रीडिंग टँकला स्पंज फिल्टर आणि मंद हवा पुरे. नर अगदी तरुण असेल तर त्याला आणखी दोन-तीन महिने द्या. नुकताच औषधांचा मारा झाला असेल तर जोडीला विश्रांती द्या.

आणि मग पाण्याचा जडपणा. फार जड पाण्यात अंड्याचं बाहेरचं कवच टणक होतं, फळण्याचं प्रमाण घटतं. पिढ्यानपिढ्या टँकमध्ये वाढलेले एंजल मध्यम पाण्यातही पिल्लं देतात, त्यामुळे पाणी पावसासारखं मऊ करायची गरज नाही. पीएच ६.५ ते ७.२ आणि जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) ३ ते ८ अंश यांच्यामध्ये कुठेही चालतं. तुमचं पाणी १२-१५ च्या वर असेल तर आरओ पाणी मिसळा. हिशोब सोपा आहे: १२ अंशांचं एक भाग पाणी आणि आरओचे दोन भाग मिळून ४ अंश होतात. हे एका दिवसात करू नका. रोजच्या पाणीबदलात थोडं थोडं आरओ वाढवत आठवडाभरात तिथे पोचा.

पीएच उतरवायला बाटलीतलं आम्ल टाकण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पाण्यात केएच (पीएच धरून ठेवणारा कार्बोनेट जडपणा) जास्त असेल तर पीएच आज उतरतो आणि उद्या परत चढतो. हा चढउतार जड पाण्यापेक्षा माशाला जास्त छळतो. आधी केएच कमी करा, पीएच आपोआप खाली येतो.

निम्मी चांगली, पण बुरशी पसरत जाते

पहिल्या दिवशी दहा-वीस अंडी पांढरी आणि बाकी सगळी मधाळ, हे अगदी नेहमीचं चित्र. दुसऱ्या दिवशी मेलेल्या अंड्यांवर कापूस उगवतो आणि त्याचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढतात. आई-बाप जवळ असतील तर ते पांढरी टिपून काढतात आणि परांनी अखंड वारा घालतात. अंडी तुम्ही वेगळी काढली असतील तर ही दोन्ही कामं तुमची.

वाऱ्यासाठी एअर स्टोन पानापासून दोन-तीन बोटं दूर ठेवा. बुडबुडे अंड्यांवर आदळता कामा नयेत. त्यांच्याबरोबर वर चढणारं पाणी अंड्यांना चाटून गेलं पाहिजे. पांढरी अंडी ड्रॉपरने किंवा बारीक चिमट्याने एकेक करून काढा. शेजारच्या चांगल्या अंड्याला इजा होणार असेल तर हात आवरा.

मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारं निळं औषध इथे उपयोगी पडतं. पाणी आकाशी निळं व्हावं आणि त्यातून अंडी स्पष्ट दिसावीत इतकंच घाला. शाईसारखं गडद करू नका. पण एक लक्षात ठेवा, कारण पुढच्या मोठ्या संकटाचं मूळ पुष्कळदा इथेच असतं: हे औषध फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. म्हणून निळ्या पाण्यात मुरलेला, म्हणजे हे जिवाणू आधीच रुजलेला, स्पंज टाकायचा नाही. अंडी फुटेपर्यंत नुसता एअर स्टोन ठेवायचा. अंडी फुटली की रोज थोडं पाणी बदलत निळा रंग घालवायचा, आणि पाणी स्वच्छ झालं की मग स्पंज आत सोडायचा. (सिलिकॉनला आणि हाताला लागलेला निळा डाग मात्र लवकर जात नाही.)

फुटली, वळवळली, पण पोहण्याआधीच गेली

या चार-पाच दिवसांत पिल्लांना खायला काहीच द्यायचं नसतं. तरी हौसेने पावडर टाकली जाते. ती कुजते आणि दहा-पंधरा लिटरचा छोटा टँक एका रात्रीत बिघडतो. दुसरं कारण म्हणजे न फुटलेली कुजकी अंडी तशीच राहणं. पिल्लं पानावरून निसटून तळाशी एका झुबक्यात जमली की अंडी घातलेलं ते पान किंवा पाइप काढून घ्या. हा वळवळता झुबका पाहून घाबरू नका, तो नेहमीचाच असतो. फक्त झुबक्याजवळ मंद हवा चालू ठेवा, नाहीतर मधली पिल्लं गुदमरतात. तिसरं कारण तापमान. छोटा टँक रात्री झपाट्याने गार होतो, म्हणून हीटर आधीच लावून दोन दिवस तपासलेला असावा.

पोहायला लागली आणि तीन-चार दिवसांत संपली

सगळ्यात जास्त घरं इथे बुडतात. आठ दिवस सगळं छान चालतं, ढगासारखी पिल्लं पोहताना दिसतात, आणि अकराव्या-बाराव्या दिवशी तळाला पांढुरका सडा. कारणं दोनच असतात: भूक किंवा अमोनिया (विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष). त्यातलं कोणतं, हे पिल्लाच्या पोटावरून कळतं.

जेवणानंतर अर्ध्या तासाने टॉर्च बाजूने धरा आणि जवळून पाहा. आर्टेमियाची (डब्यात मिळणाऱ्या सुक्या अंड्यांतून उबवायचा, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) ताजी पिल्लं खाल्लेल्या एंजलच्या पिल्लाचं पोट गोल आणि केशरी दिसतं. साध्या डोळ्यांना केशरी टिंबच दिसतं. पोट आत ओढलेलं, डोकं अंगापेक्षा मोठं आणि पिल्लं एका जागी थरथरत असतील तर ती उपाशी आहेत. पोट केशरी आहे आणि तरी पिल्लं पृष्ठभागाशी धापा टाकतायत किंवा गिरक्या घेत पडतायत, तर पाणी बिघडलं आहे.

आधी भुकेचं पाहू. आर्टेमिया ऐन वेळी लावली जाते, ही मुख्य अडचण. ती उबवायला २४ ते ३६ तास लागतात, म्हणजे पहिली बाटली पिल्लं पोहायला लागण्याच्या आदल्या दिवशी लागली पाहिजे. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, तापमान २७-२८, वर दिवा, आणि खालून जोरात हवा, इतकी की एकही अंडं तळाला बसू नये. उलटी टांगलेली, तळ कापलेली निमुळती बाटली यासाठी उत्तम. दुसऱ्या दिवशी पाणी केशरी झालं की हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि जिवंत आर्टेमिया उजेडाकडे जमते. उजेड एका बाजूने द्या, केशरी ढग तिथे गोळा होईल. तो नळीने ओढून घ्या, बारीक विणीच्या कापडातून गाळा आणि गोड्या पाण्यात धुऊन मगच टँकमध्ये सोडा. टरफलं पचत नाहीत, पिल्लांच्या आतड्यात अडकतात, म्हणून या कामात घाई नको.

रोज एक नवी बाटली लावा. फुटलेली आर्टेमिया स्वतःचा बलक खर्च करत जाते, कालची उरलेली आज तेवढी पौष्टिक नसते. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. पिल्लांच्या टँकमध्ये पाण्याची उंची सुरुवातीला १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवली तर खाणं आणि पिल्लं जवळजवळ राहतात. मायक्रोवर्म (बारीक जंत) जोडीला चालतात, पण ते तळाला बसतात आणि नुसत्या त्यांच्यावर एंजल नीट वाढत नाहीत. उकडलेल्या अंड्याचा बलक मात्र टाळाच. त्याने जेवढी पिल्लं जगतात त्याहून जास्त पाणी नासल्याने मरतात.

आता अमोनिया. ब्रीडिंग टँक घाईत लावला, नवा कोरा स्पंज टाकला, आणि आठ दिवसांनी दिवसातून पाच वेळा खाणं सुरू केलं, तर अमोनिया चढणारच. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तितका वेळ पिल्लांकडे नसतो. उपाय आगाऊच करावा लागतो: एक जादा स्पंज जोडीच्या किंवा मोठ्या टँकमध्ये महिना-दीड महिना आधीपासून चालता ठेवा. मिथिलीन ब्लूचा निळा रंग गेला की तो तसाच, न धुता, पिल्लांकडे हलवा.

किटने अमोनिया मोजताना शेजारी पीएचही मोजा. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. त्यामुळे एकाच आकड्यावर एकाची पिल्लं तरतात आणि दुसऱ्याची मरतात. तरीही पिल्लांच्या टँकमध्ये शून्य हाच आकडा धरून चाला.

न खाल्लेली आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगते, मग तळाला मरून पडते. प्रत्येक जेवणानंतर तासाभराने हवेच्या बारीक नळीने तळ ओढून घ्या. नळीचं दुसरं टोक पांढऱ्या वाडग्यात सोडा, म्हणजे चुकून आलेली पिल्लं दिसतात आणि ड्रॉपरने परत टाकता येतात. रोज २५ ते ५० टक्के पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं असावं आणि त्याच बारीक नळीतून थेंबाथेंबाने आत यावं. बादलीने ओतलेलं पाणी पिल्लांना सोसत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर चोवीस तास हवा सोडून ते जातं. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) असेल तर तसं जात नाही. सोडियम थायोसल्फेटने त्यातलं क्लोरीन निघतं, पण अमोनिया पाण्यात उरतो. म्हणून नव्या, तयार पाण्याचाही अमोनिया एकदा मोजून पाहा. रोज इमानदारीने पाणी बदलूनही अमोनिया हटत नसेल तर पुष्कळदा तो बादलीतूनच येत असतो. अशा वेळी अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर वापरा.

तीन आठवड्यांनंतरची मर बहुतेक वेळा गर्दीची असते. एंजलची एका वेळची अंडी शे-दोनशेपासून कधी पाचशेच्याही वर जातात, आणि तेवढी पिल्लं एका छोट्या टँकमध्ये मोठी होत नाहीत. काही वाढतात, काही खुरटतात, पर आखडतात. मोठी आणि छोटी वेगळी करा, जागा वाढवा.

दुसरे मासे असतील तर

दिवस मोजायची पद्धत तीच, फक्त वेळापत्रक बदलतं. बेट्टाची पिल्लं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अचानक मरत असतील तर टँकचं झाकण तपासा. तेव्हा त्यांचं हवा घेणारं इंद्रिय तयार होत असतं आणि पृष्ठभागावरची गार हवा त्यांना मारक ठरते. निऑन टेट्राची अंडी पहिल्याच दिवशी जात असतील तर उजेड आणि जड पाणी ही दोन कारणं आधी बघा. त्या टँकला काळा कागद लावा आणि जीएच १-२ अंशांपर्यंत आणा. गप्पी पिल्लंच देते, तिथे अंड्यांचा प्रश्न नाही. पिल्लं दिसेनाशी होतात ती आईच्या पोटात. जाळीच्या छोट्या डब्यात मादीला कोंडण्यापेक्षा दाट तरंगती झाडं जास्त पिल्लं वाचवतात.

पुन्हा एंजलकडे येऊन शेवटची सूचना. अंडी काढून घेतली की जोडी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा घालते, आणि अपयशाच्या मागे लागून आपण तिला थांबूच देत नाही. सलग घातलेल्या अंड्यांनी मादी खंगते, अंडी कमी आणि बारीक होतात, पांढऱ्यांचं प्रमाण वाढतं. कारण सापडेपर्यंत टँकमध्ये मधोमध जाळी लावून दोघांना वेगळं ठेवा, तापमान २५ वर आणा आणि चांगलं खाऊ घाला. तेवढ्या चार-सहा आठवड्यांत जादा स्पंजही मुरतो. आर्टेमियाची एक बाटली चाचणी म्हणून लावून बघायलाही वेळ मिळतो, कारण जुन्या डब्यातली अंडी कितीदा तरी उबतच नाहीत.